इंगोले मॅडमचं आतलं कुलूप

कुलूप बहुतेक लोक बाहेरची माणसं आत येऊ नयेत म्हणून लावतात. इंगोले मॅडम ते आतून लावायच्या, आतली माणसं बाहेर पडू नयेत म्हणून.

महिन्यातला शेवटचा शनिवार असायचा. सकाळची शाळा सुटलेली, पोरं केव्हाच पसार झालेली, आणि आम्ही सगळे शिक्षक, कारकून, शिपाई भुकेल्या पोटी रांगेनं वाचनालयात शिरायचो. शेवटचा माणूस आत आला की मॅडम दाराची कडी घालायच्या. कडीला त्यांचं स्वतःचं एक पितळी कुलूप कायम लटकत असे. ते दाबलं की ‘खट्’ करून बंद व्हायचं. किल्ली त्या कमरेला खोचायच्या आणि पूजेला बसलेल्या बाईच्या शांतपणानं आमच्याकडे वळायच्या.

"बसा आता. डॉक्टर साहेब माहिती सांगतीन."

मी या शाळेत कलाशिक्षक म्हणून नवा आलो तेव्हा पहिल्याच शनिवारी भोळेपणानं विचारलं, "मॅडम, कुलूप कशाला?"

"काहून का सर, दुसऱ्याचा आजार माणूस लय आवडीनं ऐकते," त्या म्हणाल्या. "सोताचा निघाला का मंग त्याले लघवीले लागते."

आमची शाळा मंगरूळपीर तालुक्यातल्या एका मोठ्या गावातली. इंगोले मॅडम तिथं ग्रंथपाल. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी, आणि आवाज पत्र्यावरून खिळा ओढावा तसा. शाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्याची माहितीपर व्याख्यानं ठेवा, असं कधीतरी वरून सुचवलं गेलं होतं. बाकीच्या शाळांनी एकदोन व्याख्यानं घेतली, फोटो काढले आणि विषय संपवला. आमच्याकडे तो विषय इंगोले मॅडमच्या हाती लागला. त्यांनी वाचनालयातली टेबलं भिंतीला लावली, बाकं मांडली, वाशिमहून, कारंज्याहून डॉक्टर गाठून आणायला सुरुवात केली आणि आमच्या आयुष्यातला एक छळ नियमित झाला.

त्या छळाचं सिंहासन म्हणजे मानाची खुर्ची. पाहुण्या डॉक्टरांच्या टेबलाशेजारी, सगळ्यांकडे तोंड करून, हातांची एक लाकडी खुर्ची मांडलेली असे. ज्या आजारावर व्याख्यान, तो आजार ज्याला असेल त्यानं तीत बसायचं. कोणी बसायचं ते मॅडम ठरवायच्या. डॉक्टरांच्या तपासणीची त्यांना गरज पडत नसे.

मधुमेहाच्या दिवशी त्यांनी गणिताच्या शेख सरांना हाक मारली. "या सर. आज तुमचा मान."

"मॅडम, अपनी शुगर तो कंट्रोल में है," शेख सर जागेवरूनच म्हणाले.

"हाव. म्हनूनच खिशाले मुंग्या लागल्या."

शेख सरांनी खिशावर हात ठेवला आणि तिथंच फसले. खिशातून कागदात गुंडाळलेली बालुशाही निघाली. मॅडमनी ती टेबलावर ठेवली, आणि डॉक्टर तासभर त्या बालुशाहीकडे बोट दाखवून बोलले. शेख सर तासभर तिच्याकडे नुसते बघत बसले. पाठदुखीच्या दिवशी मी बसलो. "हे आमचे चित्रकलेचे सर. याह्यची पाठ पाहा साहेब, उभी हाय का बसली हाय तेच समजत नाई." आणि लठ्ठपणाच्या दिवशी तर कहर झाला. व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरांचंच पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडत होतं. मॅडमनी त्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि अत्यंत आदरानं म्हणाल्या, "साहेब, आज खुर्चीवर तुमीच बसा. टेबलामांगं तुमचा विषय झाकला जाते."

ते बसले. भले भले बसायचे. ते डॉक्टर पुन्हा मात्र आले नाहीत.

व्याख्यानांची चित्रं काढायचं काम माझ्याकडे असे. एकदा मी मोठ्या हौसेनं यकृत रंगवून नेलं. मॅडमनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"हे वांगं काहून काढलं सर?"

"यकृत आहे मॅडम."

"मंग याले देठ काहून हाय?"

"ती पित्ताची नळी आहे."

"बरं. लावा. आजार झाला तं समजंन, नाई झाला तं भाजी म्हनून पाहू."

एवढी कडू बाई पाहिली की लोकांना तिच्यामागे काहीतरी दुःख असावं असं वाटायला लागतं. आमच्या स्टाफरूममधल्या हळव्या मंडळींनी एक कहाणी रचलीही होती. मॅडमच्या जवळचं कोणीतरी आजारपण लपवून गेलं असणार, म्हणून त्या अशा झाल्या, वगैरे. एका नव्या शिक्षिकेनं डोळ्यांत पाणी आणून त्यांना विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोणाला काही झालं होतं का हो?"

"माह्या घरी समदे धडधाकट हायेत," मॅडम पुस्तकांवर शिक्के मारता मारता म्हणाल्या. "नवरा बसला आहे घरी टीव्ही पाहत. सासू गेली, थे म्हातारपणानं गेली, तेबी जेवन करून."

"मग तुम्ही एवढं कशासाठी करता?"

"मले दिसते व पोरी. दिसल्यावर काय डोळे झाकू?"

‘मले दिसते’ हे त्यांचं कायमचं उत्तर होतं. आणि त्यांना दिसायचं ते आम्हाला कोणालाच दिसत नसे. तसं एके दिवशी त्यांना राऊत सरांचं तोंड दिसलं.

राऊत सर इतिहास शिकवायचे, पण ते केवळ पगारापुरतं. त्यांचा खरा धर्म सूत्रसंचालन. अनसिंगपासून कामरगावपर्यंत कुठंही लग्न असो, उद्घाटन असो, सत्कार असो, माईक राऊत सरांच्या हातात. काय आवाज होता. ते नुसतं "आता पाणी वाटप होईल" म्हणाले तरी लोक सावरून बसायचे. पोरं त्यांना आकाशवाणी म्हणायची आणि ते ऐकून सर सुखावायचे. त्या आवाजाच्या डाव्या बाजूला, गालात, खर्ऱ्याची गोळी असे. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. पाहुण्याला पाणी विचारायचं राहून जाईल, खर्रा विचारायचा राहत नाही. राऊत सरांच्या आवाजात जो ओलसर भारदस्तपणा होता तो खर्ऱ्यामुळेच आला, असं काही रसिक अभिमानानं सांगायचे.

व्याख्यान संपलं की मॅडम कुलूप उघडण्याआधी चहा आणि आलूबोंडे द्यायच्या. मुतखड्याच्या व्याख्यानानंतर आम्ही असेच खात उभे होतो. मॅडम राऊत सरांसमोर जाऊन थांबल्या.

"सर, आलूबोंडा तोडून तोडून खाऊन राह्यले. चिमनी हाय का तुमी?"

"मॅडम, आमी रसिक माणूस," सर हसून म्हणाले. "आस्वाद घेऊन राह्यलो."

"आस्वाद जिभीनं घेतेत. तुमचा जबडाच उघडून नाई राह्यला."

सगळे हसले. सरही हसले. पण मी शेजारी होतो आणि चित्रकाराला सवय असते, म्हणून मी त्यांचं हसू पाहिलं. ते ओठांवर होतं तेवढंच. दात दिसतील एवढं तोंड उघडलंच नाही.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत एकच प्रश्न उरला. राऊत सरांचं तोंड हळूहळू मिटत चाललं होतं, आणि ते पुरतं मिटायच्या आत कोणीतरी डॉक्टरनं बॅटरी घेऊन आत बघायला हवं होतं. सरांना ते ठाऊक होतं. मॅडमना ते ठाऊक होतं. सर ते कोणालाही करू देणार नव्हते आणि मॅडम ते केल्याशिवाय राहणार नव्हत्या.

मग विषय काहीही असो, मॅडम तो वळवून सरांपाशी आणायच्या. मोतीबिंदूचं व्याख्यान असलं तर म्हणायच्या, "डोळ्यावर पडदा आला तं काढता येते. राऊत सरांनी तोंडावर पाडला आहे, तो कोन काढंन?" डेंग्यूच्या दिवशी म्हणाल्या, "राऊत सरांच्या तोंडात मच्छर जाची भीती नाई. तेवढी फटच नाई ततं." सर कधी हसण्यावारी न्यायचे, कधी वळून खिडकीकडे बघायचे. खिडकीला गज होते.

आणि मग फळ्यावर मॅडमच्या कोरीव अक्षरात विषय उमटला: मुखाचे आरोग्य.

राऊत सरांनी त्या शनिवारची रजा टाकली. मॅडम तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि ती नामंजूर करवून आल्या. "आभारप्रदर्शन तुमच्याकडं हाय सर," त्यांनी जाता जाता सांगितलं. "तुमच्याबिगर शोभा नाई."

पण सरही कच्चे नव्हते. दातांचे डॉक्टर तोंडात तीन बोटं घालायला सांगतात, तीन गेली तर तोंड बरोबर उघडतं, एवढं त्यांनी कोणाकडून तरी आधीच काढून घेतलं होतं. घरी आरशासमोर सराव केला होता. त्या शनिवारी ते नवा शर्ट घालून, अत्तर लावून, लग्नाला आल्यासारखे वाचनालयात आले.

वाशिमहून आलेली दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं समजावलं आणि रांगेनं सगळ्यांनी बोटं घालायची असं ठरलं. सुरुवात मुख्याध्यापकांपासून. त्यांच्या तोंडात तीन बोटं गेली आणि चौथ्याला जागा उरली. "तुमची अडचन नाई," मॅडम म्हणाल्या. "तुमचं तोंड उघडते बरोबर. बंद कवा कराचं तेवढं समजत नाई." शेख सरांची गेली. माझी गेली. मग मॅडमनी हात पुढे करून खुर्ची दाखवली.

"या राऊत सर. आज तुमचा मान."

सर ऐटीत उठले. खुर्चीत बसले, बाही मागे सारली आणि तीन बोटं तोंडात घातली. गेली. अगदी सहज गेली. सरांनी बोटं तशीच ठेवून भुवया उंचावल्या आणि सगळ्या वाचनालयावरून नजर फिरवली. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मॅडम पुढे आल्या. त्यांनी सरांचं मनगट धरलं.

"आडवी नाई सर. उभी. एकावर एक."

सरांनी बोटं आडवी, एकाशेजारी एक अशी, पापड सरकवावा तशी घातली होती. घरी सराव केला तोही तसाच. तशी कोणाचीही जातात. मॅडमनी मनगट फिरवलं. पहिलं बोट गेलं. दुसऱ्याचं नख गेलं. आणि तिथं संपलं. सर रेटत होते. डोळे मोठे झाले, मनगटावरून लाळ ओघळली, नव्या शर्टाच्या बाहीत शिरली. कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कोणी. मग ते हसू बाकांवरून पसरत गेलं आणि पत्र्याखालचं ते सगळं वाचनालय हसू लागलं.

"पाहा डॉक्टर मॅडम," इंगोले मॅडम म्हणाल्या. "या तोंडानं साऱ्या तालुक्याची लग्नं लावली. आता यात आलूबोंडा जात नाई."

ती मुलगी हसली नव्हती. ती बॅटरी घेऊन उठली. "सर, मला एकदा आत बघू द्या. फक्त बघते."

राऊत सरांनी बॅटरी हातानं उडवली आणि ते दाराकडे गेले. कडी ओढली. कुलूप नुसतं खडखडलं. पुन्हा ओढली. पाठमोरे उभे राहिले. त्यांची मान लाल झालेली आम्हाला मागून दिसत होती.

"आभारप्रदर्शन राह्यलं आहे सर," मॅडम म्हणाल्या.

आणि त्यांनी ते केलं. तिथंच दाराशी वळून, बाही खाली ओढून, त्या अस्सल आवाजात. पाहुण्यांचे आभार, मुख्याध्यापकांचे आभार, उपस्थितांचे आभार. शेवटी म्हणाले, "आणि आमच्या ग्रंथपाल इंगोले मॅडम, ज्यांचा आजचा पाहुणचार मी जन्मात विसरणार नाही." एवढ्या सुंदर आवाजात एवढं विष मी कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आलूबोंडे त्या दिवशी तसेच राहिले.

आता माणूस तपासून घेईल, असं आम्हाला वाटलं. राऊत सरांनी उलट केलं. सोमवारपासून ते वाचनालयाच्या पायरीवर उभे राहून, मॅडमना दिसेल असा, सावकाश खर्रा खाऊ लागले.

त्यानंतर एके दिवशी राऊत वहिनी शाळेत आल्या. सरांनी घरी काय सांगितलं होतं कोण जाणे, पदर खोचून थेट वाचनालयात.

"तुमाले लाज नाई का? माह्या नवऱ्यावर चार लोकाले हसवता? तो झोपला नाई तवापासून."

मॅडम शिक्के मारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जेवन काय देता त्याह्यले?"

"तुमाले काय कराचं?"

"पोळी देता का कोरडी?"

"वरनात कुस्करून देतो," वहिनी म्हणाल्या. "भांडनाचं बोला."

"कवापासून कुस्करून देता?"

"दिवाळीपासून." वहिनींचा आवाज थोडा खाली आला. "तिखट झोंबते म्हनते. आता बिनमिर्चीचंच करतो मी, समद्यासाठी."

बोलता बोलता त्या थांबल्या. आपण काय सांगतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. खोचलेला पदर हळूहळू सुटला. दुसरी कोणी बाई असती तर उठली असती, खांद्यावर हात ठेवला असता, पाणी दिलं असतं.

"मंग माह्याशी भांडाले काहून आल्या?" इंगोले मॅडम म्हणाल्या. "नागपूरची गाडी स्टँडवरून सुटते."

वहिनींनी घरी जाऊन पायधरणी केली, अबोला धरला, माहेरी जाते म्हणाल्या. सर हलले नाहीत. पुरुषाचा हट्ट आणि त्यात गावभर झालेलं हसू. त्या बाईनं सांगितलं म्हणून मी जाणार नाही, हे त्यांचं ठरलं होतं. तोपर्यंत त्यांचा एक शब्द दुसऱ्याला घासून निघायला लागला होता.

मग मॅडमनी शेवटचा घाव घातला. सव्वीस जानेवारी जवळ आली होती. आमच्या शाळेत प्रजासत्ताक दिनाचं सूत्रसंचालन राऊत सरांशिवाय दुसऱ्या कोणी केलेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं. गाव सगळा त्या आवाजासाठी यायचा. मॅडमनी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभं राहून विचारलं, "तोंड उघडत नाई त्याच्या हाती माईक देता? आमदार साहेबांचं नाव अर्धंच निघालं तं?" मुख्याध्यापक घाबरट गृहस्थ. त्यांनी माईक काढून घेतला. आणि दिला कोणाला, तर मॅडमनाच, कारण मागायला त्याच उभ्या होत्या.

तो दिवस मी विसरू शकत नाही. तो खिळ्याचा आवाज कर्ण्यातून सगळ्या गावावर ओरखडे काढत होता. "आता... कवायत... होईल." बायकांनी लेकरांचे कान झाकले. झेंडावंदनाला आलेली म्हातारी मंडळी एकमेकांना विचारत होती, आपले राऊत सर कुठं आहेत? राऊत सर नारंगी फेटा बांधून शिक्षकांच्या रांगेत शेवटी उभे होते. प्रत्येक घोषणेला त्यांचे ओठ हलत होते. ते मनातल्या मनात तीच वाक्यं बरोबर करून म्हणत होते.

त्याच आठवड्यात ते नागपूरला गेले. मला स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, "पंधरा ऑगस्टले तिचा आवाज पुन्हा ऐकाचा, त्यापरीस डॉक्टर जे कापंन ते कापू दे."

डॉक्टरांनी डाव्या गालाचा तुकडा काढून तपासला आणि जे असायला नको होतं तेच निघालं. मग त्यांनी गाल कापला, जबड्याची डावी बाजू कापली, मांडीचं मांस आणून तिथं शिवलं. आणखी उशीर केला असता तर शिवायलाही काही उरलं नसतं, असं त्यांनी वहिनींना सांगितलं. सर वाचले. आवाज वाचला नाही.

सुट्टी संपवून ते शाळेत परतले तेव्हा तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला होता आणि ते कोणाशीही एक अक्षर बोलत नव्हते. बोलायचा रोज सराव करा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनींनी विनवण्या केल्या, पोरीनं केल्या. सर मान हलवायचे, हातानं खुणा करायचे. आकाशवाणीला बोबडं बोलायचं नव्हतं. आम्हीही त्यांच्याशी फार हळुवार वागत होतो. त्यांचे तास वाटून घेतले, त्यांच्यासमोर कोणी मोठ्यानं हसत नव्हतं. जिवंत माणसाची शोकसभा चालली होती म्हणा ना.

इंगोले मॅडमनी त्यांना वाचनालयाच्या दारात गाठलं. दुपट्ट्याकडे पाहिलं.

"डावा गाल तं गेला," त्या म्हणाल्या. "आता खर्रा कोठी ठेवसान सर? उजव्या गालात?"

शेख सरांच्या तोंडून "या अल्लाह" निघालं. मी खाली बघितलं. राऊत सर एक पाऊल पुढे आले. त्यांनी दुपट्टा ओढून काढला, आणि त्या वाकड्या, अर्ध्या तोंडातून जे काही बाहेर पडलं ते मी इथं लिहू शकत नाही. अक्षरं घसरत होती, लाळ उडत होती, पण अर्थ समजायला कोणालाही अडचण नव्हती. मॅडमचं कूळ, मॅडमची जीभ, मॅडमचं वाचनालय, काही सुटलं नाही. सगळ्यांत शेवटी त्यांनी बोट रोखून म्हटलं, "फाफी वाई."

मॅडमनी चष्मा पुसला.

"प नाई येऊन राह्यला. पुन्हा म्हना. पापी."

सरांचं रोखलेलं बोट खाली आलं.

"शिव्या द्याले तोंड लागते सर," मॅडम म्हणाल्या. "तुमचं अर्धं शिल्लक हाय. वापरा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत राऊत सर पुन्हा वाचनालयात गेले. तिसऱ्या दिवशीही. रोज जाऊन शिव्या द्यायचे. मॅडम शिक्के मारत ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "भ नीट काढा. भवानी म्हनाले भ लागते." पोरं खिडकीखाली बसून ऐकायची आणि तोंडात ओढण्या कोंबून हसायची. हा प्रेमाचा काही प्रकार होता असं कोणी समजू नये. राऊत सर त्या बाईचा मनापासून, रोज, ताजा द्वेष करत होते. त्यांनी तिचे आभार कधी मानले नाहीत आणि तिनंही कधी वाट पाहिली नाही. तोंडाचं कुलूप निघालं एवढं मात्र झालं. सर पुन्हा वर्गावर जाऊ लागले. पानिपतची लढाई बोबडी का होईना, पण पूर्ण होऊ लागली.

इंगोले मॅडमना स्वतःला काहीही नव्हतं. साखर नाही, दाब नाही, दात सगळे जागेवर. रस्त्यावरच्या अपघातांचं व्याख्यान त्यांनीच ठेवलं होतं आणि त्यानंतर नवऱ्याला हेल्मेट घेऊन दिलं होतं. त्या व्याख्यानात डॉक्टरांचा भर चालवणाऱ्यावर होता. मागे बसणाऱ्याबद्दल ते बोलणार होते, पण आलूबोंडे गार होत होते. एका रविवारी दोघं मंगरूळपीरहून गाडीवर परत येत असताना शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आली. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. आमच्या सबंध तालुक्यातली सगळ्यांत निरोगी बाई जागच्या जागी गेली.

शोकसभा वाचनालयातच ठेवली. मानाच्या खुर्चीत मॅडमचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. फोटोतही त्या कोणाच्या तरी पोटाकडे बघत होत्या. पुढच्या बाकावर मॅडमचे यजमान इंगोले साहेब बसले होते, हाताला प्लॅस्टर. मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "मॅडम म्हणजे शांत, मितभाषी, सर्वांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व." एकजण म्हणाला, त्यांनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही. नव्या शिक्षिकेनं त्यांना माऊली म्हटलं. आम्ही माना खाली घालून बसलो होतो.

तेवढ्यात राऊत सर उठले. कोणी त्यांचं नाव पुकारलं नव्हतं. ते माईककडे न जाता दाराकडे गेले. कडी घातली. कडीला ते पितळी कुलूप उघडंच लटकत होतं, शेवटच्या व्याख्यानापासून. सरांनी ते अडकवलं आणि दाबलं. खट्.

सगळ्यांच्या माना वळल्या. सर फोटोसमोर येऊन उभे राहिले. माईक त्यांनी बाजूला सारला.

"हे समदे खोटं बोलून राह्यले," ते म्हणाले. शब्द जाड होते, पण एकेक सुटा होता. "या बाईनं मले या खुर्चीत बसवून लोकाले हसवलं. माहा माईक घेतला. माह्या घरात भांडन लावलं. मी हिले माफ केलं नाई. आजबी करत नाई." ते फोटोच्या जवळ वाकले. "पापी होती. ऐकून राह्यल्या का मॅडम? पापी."

प स्वच्छ आला. दोन्ही वेळा. त्यांनी तो पुन्हा एकदा म्हणून दाखवला, सावकाश, आणि उत्तराची वाट पाहावी तसे क्षणभर थांबले.

मुख्याध्यापक अस्वस्थ झाले होते. ते पुढे वाकून कुजबुजले, "सर, किल्ली कुठं आहे?"

राऊत सरांनी हात खिशाकडे नेला आणि तसाच खाली आणला. आम्ही सगळ्यांनी इंगोले साहेबांकडे पाहिलं.

"किल्ली तिच्याच कमरेले राहे," ते म्हणाले. "आता घरी हाय, खुंटीले. पन घराले कुलूप लावून आलो मी."

झालं. सगळी शाळा आत आणि दार आतून बंद. इंगोले साहेबांनी एका हातानं खिशातून घराची किल्ली काढली, शेख सरांनी ती खिडकीच्या गजांतून बाहेर उभ्या असलेल्या शिपायाला दिली, आणि तो सायकल काढून मॅडमच्या घराकडे निघाला. फोटोतल्या बाईनं आम्हाला शेवटचं कोंडून घातलं होतं.

वेळ काढायचा होता म्हणून राऊत सर बोलतच राहिले. आलूबोंड्याचं बोलले. रजेचं बोलले. खर्रा कोठी ठेवसान, हे त्यांनी मॅडमच्या आवाजात म्हणून दाखवलं, आणि तो खिळ्याचा आवाज त्या वाकड्या तोंडातून हुबेहूब निघाला. इंगोले साहेब हसले. मग शेख सर हसले. हसता हसता त्यांनी रुमाल काढला. दाराखालून किल्ली सरकली तेव्हा मीच ती उचलली आणि कुलूप काढलं. दार सताड उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं.

कोणी उठलं नाही. राऊत सरांच्या शिव्या अजून व्हायच्या होत्या.